बाहेरचा रंग पावसाआधी, आतला दिवाळीनंतर

प्रश्न : कुडाळजवळच्या आमच्या गावात आम्ही चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, नवीन घर बांधलं आहे. बाहेरचा गिलावा मार्चअखेर झाला, आतला एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. आतल्या भिंतींना महिनाअखेरपर्यंत पाणी मारत होतो. वास्तुशांत मेच्या तिसऱ्या आठवड्यात आहे आणि यंदाचा गणपती नव्या घरातच आणायचा असं सगळ्यांनी ठरवलंय. पेंटर म्हणतो, "थोडी ओल असली तरी काय होत नाही. दोन हात सीलर मारून भिंत पॅक करतो, वर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट." इंग्लंडमधला भाचा सांगतो, तिकडे नव्या प्लास्टरवर पहिला हात भरपूर पाणी घातलेल्या रंगाचा देतात, तुम्हीही तसंच करा. सासूबाईंना स्वयंपाकघरात ऑइल पेंट हवाय, पुसता येतो म्हणून. त्यात मागच्या खोलीत खालच्या कोपऱ्यात भिंतीवर पांढरी भुकटी यायला लागली आहे. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, पण इथे कोणाचं खरं मानावं ते कळेनासं झालंय.
– एक शिक्षिका, सिंधुदुर्ग

उत्तर : ताई, आधी निर्णय सांगतो, कारणं मागाहून. वास्तुशांत ठरल्या दिवशीच करा, पण आतून रंगाशिवाय. पेंटरला आत सीलरचा डबा उघडू देऊ नका. बाहेरच्या भिंती मात्र आत्ताच रंगवून घ्या, वळीव सुरू व्हायच्या आत. आतली पुट्टी आणि रंग दिवाळी झाल्यावर.

हे ऐकून घरात दोन-चार चेहरे पडतील याची कल्पना आहे. नव्या घरात पहिला गणपती आणि भिंती कोऱ्या, हे कोणाला रुचणार? त्यावरही उपाय आहे, पुढे सांगतो. पण आधी त्या भिंतीत किती पाणी आहे ते बघू.

ढोबळ हिशेब करा. आतला गिलावा साधारण १२ मिलिमीटर जाडीचा असतो. एवढ्या जाडीच्या एक चौरस मीटर गिलाव्याचा माल कालवताना सुमारे तीन लिटर पाणी जातं. दहा बाय दहाच्या खोलीच्या चार भिंती, दारं-खिडक्या वजा करून, ३० चौरस मीटरच्या पुढे भरतात. म्हणजे एका खोलीच्या नुसत्या गिलाव्यात नव्वद-शंभर लिटर पाणी. त्यातलं एक तृतीयांशाच्या आसपास सिमेंटशी कायमचं बांधलं जातं. बाकीचं बाहेर पडावं लागतं. यात तुम्ही आठवडाभर पाइपने मारलेलं पाणी धरलेलं नाही. बांधकामाच्या वेळी चिऱ्यांनी पिऊन ठेवलेलं पाणीही धरलेलं नाही, आणि चिरा पाणी किती पितो हे कोकणातल्या माणसाला मी काय सांगायचं! जाड, सच्छिद्र, आतून भिजलेली भिंत आहे ती. वरून हात लावला की कोरडी लागते, कारण एप्रिल-मेच्या उन्हात वरचा थर वाळलेला असतो. आतला चिरा अजून ओलाच.

'२८ दिवस झाले की रंग मारा' हे तुम्ही ऐकलं असेल, आणि रंगाच्या कंपन्याही किमान तेवढे दिवस थांबायला सांगतात. तो आकडा मुळात सिमेंटच्या ताकदीचा आहे. सिमेंटची ग्रेड ठरते ती २८ दिवसांच्या ताकदीवर. ५३ ग्रेड म्हणजे २८ व्या दिवशी ५३ मेगापास्कल. भिंत पक्की झाली की नाही एवढं तो आकडा सांगतो, वाळली की नाही ते सांगत नाही. वाळणं सुरू होतं पाणी मारणं थांबवल्यावर. तुमच्या आतल्या भिंती मेच्या तिसऱ्या आठवड्यात वाळायला लागून जेमतेम तीन आठवडे होतील. माझं मत विचाराल तर चिऱ्याच्या भिंतीला आतून तीन महिने तरी द्यावेत, आणि त्या तीन महिन्यांत पावसाळ्याचे दिवस मोजू नयेत. तुमच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागतो. तिथून पुढे हवाच इतकी दमट की भिंतीतलं पाणी जाणार कुठे?

पाण्याइतकीच दुसरी भानगड अल्कलीची. सिमेंट पाण्याशी क्रिया करतं तेव्हा चुना मोकळा होतो, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. ताज्या गिलाव्याचा सामू (पीएच) १२ ते १३ असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू त्याचा कॅल्शियम कार्बोनेट करतो आणि पृष्ठभागाचा सामू उतरतो. तुम्ही विज्ञान शिकवता, म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलिन, अल्कलीत गुलाबी होणारं दर्शक, असणारच. दाराआडच्या भिंतीवर थोडं शुद्ध पाणी लावून त्यावर दोन थेंब टाका. गडद गुलाबी डाग उमटला तर भिंतीतली अल्कली अजून तिखट आहे. फिकट गुलाबी छटा आली तर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग सहन करू शकतात. नववी-दहावीच्या मुलांना घरी नेऊन दाखवा, आम्लारींचा धडा आपोआप होईल.

ओल बघायला याहून साधी परीक्षा आहे. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा घ्या, भिंतीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. संध्याकाळी लावला तर दुसऱ्या दिवशी दुपारीच काढा, सोळा तास तरी राहिला पाहिजे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बाष्पाचे थेंब दिसले किंवा खालचा गिलावा भोवतीच्यापेक्षा काळपट दिसला, तर ती भिंत रंगाला तयार नाही. एकाच ठिकाणी बघून समाधान मानू नका. जमिनीपासून एक फुटावर, मध्यावर आणि वर तुळईजवळ असे तीन तुकडे लावा, आणि नैर्ऋत्येच्या बाहेरच्या भिंतीवर नक्की लावा. ती सगळ्यात शेवटी वाळते.

आता पेंटरचा सीलर. हा शब्द सध्या कशालाही लावतात. कोणी पाण्यातल्या प्रायमरला, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या हाताला, सीलर म्हणतं, कोणी ओल अडवण्यासाठीच्या रबरासारख्या थराला, कोणी सिमेंटमध्ये कालवायच्या दुधाळ लेटेक्सला. पेंटर "भिंत पॅक करतो" म्हणतोय, त्यावरून त्याच्या डोक्यात दुसरा प्रकार असावा. त्याने पाणी अडतं हे खरं. पण इथे पाणी भिंतीच्या आतच आहे. वर पापुद्रा बसवला की वाफेला वाट राहत नाही आणि ती पापुद्र्यालाच मागून ढकलते. ऑगस्टमध्ये फुगे, ऑक्टोबरात पोपडे. मग हाच पेंटर म्हणेल, "चिराच ओला होता, मी काय करणार." म्हणजे त्यालाही ठाऊक आहे. मला अशा वेळी माणसाचा राग येत नाही, त्याची घाई समजते. मेमध्ये त्याला चार घरं उरकायची असतात.

ओल अडवण्याचे थर वाईट नाहीत, त्यांची जागा चुकते. ते जिथून पाणी घरात येतं तिथे हवेत. गच्ची असेल तर गच्ची, कठड्याचा माथा, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, छज्जा आणि भिंत मिळते तो कोपरा, न्हाणीघराच्या आतली बाजू फरशी लावण्याआधी, पाइपासाठी भिंतीला पाडलेली भोकं. एवढ्या जागा नीट बंद केल्या तर भिंतीवर सीलर मारायची गरज फारशी उरत नाही.

म्हणूनच मी बाहेरून सुरुवात करा म्हणतो. तुमचा बाहेरचा गिलावा मार्चअखेरचा, त्याला महिना उलटून गेलाय, आणि कोकणातलं एप्रिलचं ऊन खाल्लंय. पावसाळा तसाच उघड्या गिलाव्यावर काढला तर नैर्ऋत्येच्या झडीने भिंत पुन्हा पोटभर भिजेल आणि आत कितीही थांबलात तरी उपयोग नाही. पूर्वी त्या बाजूला झाप बांधायचे, हल्ली निळं प्लास्टिक बांधतात, ते याचसाठी. बाहेरून रंगाने पाऊस अडवला आणि आतली बाजू मोकळी ठेवली की भिंतीतली ओल आतल्या खोल्यांकडून निघून जाते. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बंद केलेली ओली भिंत हा सगळ्यात वाईट प्रकार.

बाहेरचं काम असं करून घ्या. आधी बाहेरच्या भिंतींवर प्लास्टिकची परीक्षा. कोरडं निघालं की ताठ ब्रशने किंवा काथ्याच्या कुंच्याने भिंत झाडून घ्यायची, सुटी वाळू आणि धूळ गेली पाहिजे. लाकडी मुठीने ठोकत जा. जिथे पोकळ वाजेल तिथला गिलावा सुटलेला आहे, तो आत्ताच काढून गवंड्याकडून भरून घ्या. केसभेगा बाहेरच्या कामाच्या ॲक्रिलिक फिलरने भरा. मग पाण्यातला एक्स्टिरिअर प्रायमर एक हात आणि वर एक्स्टिरिअर ॲक्रिलिक इमल्शनचे (पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे) दोन हात. बाहेर पुट्टी नको. गुळगुळीत दिसते, पण आपल्या पावसात तिच्या मागे पाणी शिरलं की ताटाएवढ्या खपल्या निघतात. पश्चिमेची भिंत सकाळी रंगवायची, पूर्वेची दुपारनंतर, म्हणजे तापलेल्या भिंतीवर कुंचा फिरत नाही. तापलेल्या भिंतीवर रंगातलं पाणी भराभर उडतं आणि थर नीट जुळून येत नाही.

बाहेरच्या रंगाची छटा निवडताना एक ध्यानात ठेवा. नवा गिलावा काही रंगद्रव्यं खाऊन टाकतो, पेंटर लोक 'रंग जळला' म्हणतात ते हेच. गेरू, पिवळी माती, तपकिरी या लोहाच्या ऑक्साइडच्या छटा अल्कलीला दाद देत नाहीत. झगमगीत निळ्या-जांभळ्यांची खात्री देता येत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी बाहेर बदामी, फिकट पिवळा, गेरूच्या अंगाचा असा रंग घ्या. लाल मातीचे शिंतोडे खालच्या दोन फुटांवर उडणारच आहेत, तेव्हा तिथे गेरूचा पट्टा घ्या असंही मी सुचवेन.

समजा, बाहेरची परीक्षाच नापास झाली, प्लास्टिकखाली थेंब दिसले. मग यंदापुरता सिमेंट पेंट मारा, जुनी माणसं ज्याला सरसकट स्नोसेम म्हणतात तो प्रकार. तो सिमेंटचाच असल्यामुळे नव्या गिलाव्यातल्या अल्कलीशी त्याचं भांडण नाही, भिंतीतली वाफही त्यातून बाहेर पडते. भिंत ओलसर करून लावायचा आणि नंतर दोन दिवस त्यावरही पाण्याचा शिडकावा करायचा. दोन-तीन वर्षांनी तो पांढुरका पडतो, हाताला लागतो. तेव्हा खरवडून पुढचं काम.

आता वास्तुशांत आणि गणपती. कोऱ्या करड्या भिंती बघवत नसतील तर माजघर, बाहेरची खोली आणि देवाची खोली एवढ्यांना व्हाईट सिमेंटचा एक हात देऊन घ्या. व्हाईट सिमेंट पाण्यात पातळ कालवायचं, भिंतीवर हलका शिडकावा करून कुंच्याने लावायचं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा हलकं पाणी. हा शिडकावा वरच्या थरापुरता आहे, पाइप लावून भिंत भिजवायची नाही. पाणी दिलं नाही तर हाताला पांढरं लागत राहतं. खर्च किरकोळ, घर स्वच्छ उजेडाचं दिसतं, भिंत श्वास घेत राहते आणि पुढे त्याच्यावरच पुट्टी बसते. कोणी चुना सुचवेल. चुनाही भिंतीला मानवतो, बुरशीलाही रोखतो. पण नंतर इमल्शन द्यायचं तर तो सगळा खरवडावा लागतो, नाहीतर चुन्यासकट रंग सुटून येतो. कायम चुन्याचंच घर ठेवणार असाल तर मी आनंदाने चुना सांगेन. तुमचा बेत तसा दिसत नाही.

गणपतीच्या मागची भिंत रंगवायची, तिच्यावर चित्रं काढायची पद्धत तुमच्या भागात आहे. ती खुशाल पाळा. त्या चौकटीपुरते पाण्यातले साधे रंग वापरा, ऑइल पेंट नको. दिवाळीनंतर ते घासून टाकता येतात. आणि माटवी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधायची चौकट, टांगायचे हूक आत्ताच मारून घ्या. रंग झाल्यावर स्लॅबला भोकं पाडण्यासारखा दुसरा वैताग नाही.

पावसाळ्यात आतल्या भिंतींची काळजी एवढीच, की वारा खेळू द्या. पाऊस उघडला की समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, राहत्या खोल्यांत पंखे चालू ठेवायचे. कपाटं, पलंग बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं फट राहू द्या. ती नसली तर कपाटामागे हमखास काळी बुरशी. लवकर वाळावं म्हणून खोली बंद करून कोळशाची शेगडी ठेवायचा सल्ला कोणी देईल, तो अजिबात ऐकू नका. बंद खोलीतला कोळशाचा वायू जीव घेतो. हॅलोजनचे दिवे भिंतीजवळ लावून ठेवणंही नको. एका बाजूने भराभर वाळलेला गिलावा तडकतो.

मागच्या खोलीतली पांढरी भुकटी बुरशी नाही, लोणा आहे. भिंतीतलं पाणी बाहेर येताना विरघळलेले क्षार सोबत आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ओल्या फडक्याने पुसू नका. पुसलं की ते पुन्हा विरघळून भिंतीत शिरतात आणि आठवड्याने पुन्हा बाहेर. कोरड्या ब्रशने झाडायचं, खाली कागद पसरून भुकटी गोळा करून घराबाहेर टाकायची. दर पंधरवड्याने असं केलं आणि प्रत्येक वेळी भुकटी कमी निघाली, तर नव्या भिंतीचं नेहमीचं वाळणं चाललंय असं समजा. पण दोन गोष्टी विचारून घ्या. वाळू कुठली होती? खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर तिच्यातलं मीठ हवेतला दमटपणा ओढतं आणि दर पावसाळ्यात त्याच जागी डाग उठतो. तसं असेल तर तेवढा गिलावा काढून क्रश सँडमध्ये नव्याने करणं हाच स्वस्त मार्ग. दुसरं, ओल नुसती खालच्या दोन-तीन फुटांतच आहे का आणि वर चढतेय का? तसं असेल तर जोत्यावरची ओल अडवणारी पट्टी नीट पडली नसावी किंवा बाहेर मातीचा भराव जोत्याच्या वर आला असावा. आधी भराव खाली करा, पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब जाईल असा उतार करा. निम्म्या घरांत एवढ्यानेच काम भागतं.

स्वयंपाकघराचं सासूबाईंना तुम्हीच समजावू शकता, कारण यातलं रसायनशास्त्र तुम्ही फळ्यावर लिहिता. तेल अधिक अल्कली म्हणजे साबण. ऑइल पेंटमधलं तेलकट बंधक आणि नव्या भिंतीतला चुना एकत्र आले, वर ओल मिळाली, की भिंतीवर साबणीकरण सुरू होतं. रंग मऊ पडतो, चिकट होतो, नखाने निघतो. जुन्या भिंतीवर त्यांनी वर्षानुवर्षं ऑइल पेंट पुसलाय, त्यांचा अनुभव खोटा नाही. ती भिंत तेव्हा जुनी होती. नव्या भिंतीला वर्षभर तरी ऑइल पेंट नको, आणि त्याच कारणाने ऑइल प्रायमरही नको. ओट्यामागे दोन-अडीच फूट टाइल लावा आणि बाकी भिंतीला धुता येणारं ॲक्रिलिक इमल्शन. फोडणीचे शिंतोडे त्याच्यावरूनही पुसले जातात, फक्त घासणी वापरायची नाही.

भाच्याचं सांगणं त्याच्या गावी बरोबर आहे. इंग्लंडमध्ये आतून बहुतेक जिप्समचं प्लास्टर असतं, गुलाबी रंगाचं. ते वाळल्यावर पाणी फार शोषतं, म्हणून पहिला हात पातळ रंगाचा देतात. प्लास्टर पूर्ण वाळल्यावर, हे तिकडेही बजावतात. आपल्याकडे सिमेंटच्या भिंतीवर तेच काम पाण्यातला प्रायमर करतो. तिकडे आणखी एक खूळ आहे, पांढऱ्या डिंकाचं पाणी मारून भिंत 'सील' करायची. आपल्याकडेही काही जण फेव्हिकॉलचं पाणी मारतात. रंगाखाली ते नको. ओल लागली की डिंक पुन्हा मऊ होतो आणि वरचा रंग सालीसारखा ओढून काढता येतो. जिप्समवरून आठवलं, कोणी तुम्हाला आतून जिप्सम किंवा पीओपी करून भिंती आरशासारख्या करून देतो म्हणेल. मुंबईच्या फ्लॅटमध्ये ठीक आहे. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतींना आतून नको, जिप्समला ओल सोसत नाही.

दिवाळीनंतर आतलं काम काढाल तेव्हा पुन्हा प्लास्टिक आणि फिनॉल्फ्थॅलिन. तोवर गिलावा आकसून ज्या भेगा पडायच्या त्या पडलेल्या असतील, थांबण्याचा हा वेगळा फायदा. मेमध्ये पुट्टी भरली असती तर त्याच भेगा पुट्टीतून वर आल्या असत्या. काँक्रीटचा खांब किंवा तुळई आणि चिरा जिथे मिळतात तिथे सरळ उभी-आडवी भेग दिसेल. गिलाव्याआधी तिथे जाळी मारली नसली की ती हमखास येते. ती पुट्टी लावायच्या पत्र्याच्या टोकाने व्ही आकारात थोडी रुंद करा, धूळ काढा, ॲक्रिलिक फिलर भरा. वरवर पुट्टी फिरवून झाकू देऊ नका.

पुट्टी आधी की प्रायमर आधी, यावर पेंटरांची भांडणं होतात. उत्तर पुट्टीच्या जातीवर आहे. व्हाईट सिमेंटची पुट्टी, पोत्यात पावडर मिळते ती, थेट गिलाव्यावर बसते; तिला खाली प्रायमर नको, भिंत हलकी ओलसर लागते. डब्यात तयार मिळणारी ॲक्रिलिक पुट्टी असेल तर आधी प्रायमर, मग पुट्टी, मग पुन्हा प्रायमर. तुमच्या घराला व्हाईट सिमेंटचीच घ्या, दमटपणात ती जास्त टिकते. पूर्वी खडू पावडर आणि डिंक कालवून लांबी, म्हणजे घरगुती पुट्टी, भरायचे, तसलं काही पेंटर अजूनही करतात. ते ओलीत फुगतं, तेव्हा पोतं तुमच्यासमोर फोडायला सांगा. पुट्टीचे दोन पातळ हात, दोन्ही मिळून दीड मिलिमीटरच्या वर नाहीत. भिंत खालीवर असेल तर पुट्टीने समपातळीत आणायचा मोह होतो, ते काम गवंड्याचं आहे. एका वेळी जेवढी दोन-अडीच तासांत संपेल तेवढीच कालवायची. घट्ट झाली म्हणून पुन्हा पाणी घालून हलवली की तिचा जोर गेला.

पहिला हात रात्रभर वाळू द्यायचा, मग दुसरा. तोही पुरता वाळला की १८० नंबरच्या पॉलिश पेपरने आणि शेवटी ३२० ने घासायचं. घासताना नाका-तोंडावर चांगला मास्क, पेंटरने नको म्हटलं तरी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना त्या दोन दिवसांपुरतं जुन्या घरी पाठवा, धूळ फार उडते. घासून झाल्यावर भिंत झाडून कोरड्या फडक्याने पुसली नाही तर प्रायमर धुळीवर बसतो आणि पुढे रंग धुळीसकट सुटतो. रंग निघाल्याच्या तक्रारींत हे कारण मला फार वेळा दिसतं, आणि दोष मात्र कायम डब्याला मिळतो.

प्रायमर पाण्यातला, एक हात. पाणी किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं, तेवढंच. इथेच खरी चलाखी चालते. जास्त पाणी घातलं की डबा जास्त खोल्यांना पुरतो आणि भिंत पांढरी तर दिसतेच. प्रायमर वाळल्यावर रात्री एक बल्ब भिंतीला लागून, तिरका धरून बघा. खड्डे आणि पत्र्याचे ओरखडे सगळे उघडे पडतील. पेन्सिलने गोल करून ठेवा, सकाळी पेंटर तिथे पुट्टी लावून, घासून, तेवढ्यावर प्रायमर फिरवेल. मग इमल्शनचा पहिला हात, किमान चार-सहा तासांनी दुसरा. गडद रंग घेतलात तर तिसराही लागेल. आतल्या बाजूने फार चकचकीत रंग घेऊ नका, चिऱ्याच्या घराच्या भिंती कधी काटेकोर सरळ नसतात आणि चकाकी प्रत्येक उंचवटा दाखवते. मॅट किंवा थोडी झाक असलेला पुरे.

राहिला पेंटर. त्याला नाही म्हणून पाठवू नका. आत्ता बाहेरचं काम आणि व्हाईट सिमेंट त्यालाच द्या, आतल्या कामाची दिवाळीनंतरची तारीख ठरवून थोडी उचल द्या. गणपतीच्या आधी त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, नोव्हेंबर-डिसेंबरात जरा सवड असते, काम निवांत होतं. मजुरी वेगळी ठरवा आणि माल तुम्ही स्वतः कुडाळच्या किंवा सावंतवाडीच्या दुकानातून आणा, बिल आणि डब्यांवरचे बॅच नंबर जपून ठेवा. एका खोलीचा रंग एकाच बॅचचा असू द्या. काम संपल्यावर उरलेला अर्धा लिटर रंग घट्ट झाकण लावून, छटेचा नंबर वर लिहून ठेवा. पुढल्या गणपतीत माटवी बांधताना कुठेतरी ओरखडा पडेलच, तेव्हा लागेल.